बारा आटे आणि सहा आटे

मोहरवाडीत एखाद्याचं मत काय आहे हे विचारावं लागत नाही, ते आपोआप कानावर येतं. एसटीच्या थांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की कांद्याची निर्यात, दुधाचा दर, डिझेल, आरक्षण आणि दिल्लीचं सरकार एवढ्या सगळ्यांचा निकाल लागून जातो. पाथर्डी तालुक्याच्या त्या कोरड्या टोकाला पाऊस कमी आणि मतं भरपूर. अशा गावात मत नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारा वैजनाथ.

तसं त्याला मत नव्हतं असं म्हणणं अन्याय होईल. वैजनाथ रोज मोबाईलवर दोन-दोन वेळा बातम्या ऐकायचा, आवाज बारीक करून. खतं महाग का झाली, कुठला पुढारी कुठून कुठे गेला, सगळं त्याला ठाऊक असायचं. पण कोणी विचारलं की, "वैजनाथ, तुला काय वाटतं, दिल्लीत काय चाललंय?" तर त्याचं उत्तर ठरलेलं. "दिल्लीचं पानी माझ्याकडं न्हाई." लोक हसायचे, वैजनाथ व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पुढच्या चेंबरकडे निघायचा. मत कोणाला दिलं हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि पुष्पावतीने चार निवडणुका गोडीगुलाबीने विचारून शेवटी नाद सोडला होता.

त्यामागे कारण होतं. मोहरवाडी दोन आळ्यांची. वरच्या आळीत एका समाजाची घरं, खालच्या आळीत दुसऱ्या समाजाची. वरच्या आळीकडे विहिरी, कांदा आणि दोन ट्रॅक्टर. खालच्या आळीतली निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला जाणार, ती शिमग्याच्या पुढेमागे परत येणार. वैजनाथ ह्यातलाही नाही आणि त्यातलाही नाही. त्याच्या समाजाची गावात तीनच घरं. बावीस वर्षांपूर्वी पाण्याची चावी त्याच्या हातात दिली गेली ती ह्याच कारणाने. दोन्ही आळ्यांना दुसऱ्या आळीच्या माणसाच्या हातात ती नको होती. तीन घरांच्या माणसाला बाजू घेणं परवडत नाही, हे वैजनाथला कोणी शिकवायची गरज पडली नाही. आपण कोणाला एक थेंब जास्त दिला नाही, कोणाला एक थेंब कमी दिला नाही, ह्याचा मात्र त्याला फार अभिमान होता. गरीब माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. त्याच्याकडे हे होतं.

मग लागोपाठ दोन निवडणुका आल्या, लोकसभेची आणि विधानसभेची, आणि गाव मधोमध फाटलं. भांडणं पूर्वीही व्हायची, पण ती बांधावरून, म्हशीवरून, आणि पंधरा दिवसांत मिटायची. ह्या वेळी तसं झालं नाही. निवडणुका संपल्या, गुलाल धुतला गेला, मनातलं तसंच राहिलं. वरच्या आळीतले खालच्या आळीतल्या दुकानातून काड्यापेटीसुद्धा घेईनात. लग्नाच्या पत्रिका घरोघरी जायच्या, जेवायला माणूस जायचा नाही. सप्ताहाच्या आमटी-भाकरीसाठी घरटी भाकरी गोळा करायची रीत. यंदा दोन्ही आळ्यांच्या भाकरी दोन वेगळ्या पाट्यांत गोळा झाल्या. भाकरी दोन्हीकडे बाजरीचीच होती, हे बोलायची सोय उरली नव्हती.

एप्रिल उजाडला, पाणी एक दिवसाआड, दर आळीला पंचेचाळीस मिनिटांची पाळी असं झालं आणि भांडण नळावर येऊन ठेपलं. वरची आळी म्हणायची, खालची आळी उताराला आहे, सगळं पाणी तिकडेच पळतं. खालची आळी म्हणायची, सरपंच वरच्या आळीत राहतात, मग पाणी कुठे मुरतं ते दिसतंच आहे. मोबाईलवरच्या ग्रुपात तर वैजनाथचं नाव घेऊन दोन्हीकडून लिहिलं गेलं. वरच्यांनी लिहिलं तो खालच्यांना विकला गेलाय, खालच्यांनी लिहिलं तो वरच्यांचा गडी आहे. बिचारा दोन्ही निरोप पुन्हा पुन्हा वाचत बसला.

शेवटी बैठक झाली आणि ग्रामसेवकाने तोड काढली. प्रत्येक आळीने एक माणूस द्यायचा. त्या दोघांनी महिनाभर वैजनाथबरोबर फिरायचं, घड्याळ लावून पाणी मोजायचं आणि एक मेच्या ग्रामसभेत काय ते सांगायचं. वरच्या आळीने कारभारीनानांना दिलं. साठीचा माणूस, कांदा पिकवणारा, आणि टीव्हीवरच्या चर्चा इतक्या मन लावून ऐकणारा की मध्येच टीव्हीला उत्तर द्यायचा. खालच्या आळीने ज्योतीला दिलं. तिशीतली बाई, नुकतीच नवऱ्याबरोबर ऊसतोड करून परत आलेली, बचतगटाची अध्यक्ष, बोलायला तिखट.

पहिल्या पहाटे तांबडं फुटताना तिघं निघाले. वैजनाथ मध्ये, नाना त्याच्या उजवीकडे, ज्योती डावीकडे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बोलायचं असेल ते वैजनाथशी बोलायचे.

"वैजनाथ, तिला इचार, घड्याळ बरूबर लावलंय का."

"काका, नानांना सांगा, माझं घड्याळ मोबाईलचं हाय. त्यांच्यासारखं किल्लीचं न्हाई."

पण माणसाला पंचेचाळीस मिनिटं एका चेंबरशेजारी बसायला लावलं, हातात काम काही नाही, समोर वाहतं पाणी, तर गप्प किती बसेल? तिसऱ्या पाळीला नानांनी कांद्याचा विषय काढला. निर्यात बंद, मग चालू, मग त्यावर कर. शेतकऱ्याने कांदा चाळीत ठेवायचा की बाजारात न्यायचा हे ज्योतिषाला विचारायची वेळ आली आहे म्हणाले. ज्योती म्हणाली, "कांदा महागला की तुमी हसता आन् स्वस्त झाला की आमी हसतो. कारखान्यावर पालात मीठ-कांद्यासंगट भाकर खातो आमी." नाना म्हणाले, "आन् आमी काय पंचपक्वान्नं खातो व्हय?" मग डिझेलवर आले. मग दुधावर. आरक्षणावर आले तेव्हा मात्र दोघांचे आवाज चढले आणि वैजनाथने बातम्यांचा आवाज मोठा करून दोघांना गप्प केलं.

सातव्या पाळीपर्यंत ज्योती थर्मासमधून चहा आणू लागली होती. नाना आधी नको म्हणाले, मग साखर कमी आहे म्हणाले, मग रोज घेऊ लागले. मतं कोणाची तसूभर हलली नाहीत. पण ज्योतीच्या सासूच्या गुडघ्यांसाठी नानांनी नगरच्या डॉक्टरचं नाव लिहून आणलं, आणि नानांच्या कांद्याच्या काढणीला बाया मिळत नव्हत्या त्या कुठून आल्या हे त्यांनी आळीत कोणाला सांगितलं नाही.

बाराव्या पाळीला ज्योतीने विचारलं. वैजनाथ खालच्या आळीच्या चेंबरमध्ये वाकून चावी फिरवत होता. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा, आणि वैजनाथ आटे मोजून पाणी सोडायचा, तोंडातल्या तोंडात.

"काका, तिकडं बारा आटे फिरीवता. हितं सहाच कामून?"

"उतार हाय ना, बाई. अमृततात्यानं घालून दिलंय. वरच्यांना बारा, खालच्यांना सहा."

अमृततात्या म्हणजे वैजनाथच्या आधीचा पाणी सोडणारा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. नानांनी लगेच मान डोलावली. "बरूबर हाय. पानी उताराला जोर धरतं. पुरा व्हॉल सोडला तर वरच्यांना फक्त हवा यायची. ह्यात राजकारन न्हाई, ज्योती, हे शास्तर हाय." नाना इतक्या खात्रीने बोलले की ज्योतीने चहा ओतायला घेतला.

वैजनाथचा हात मात्र चावीवर तसाच राहिला. उतार. कुठला उतार? अमृततात्याच्या वेळी टाकी वरच्या आळीच्या माथ्यावर होती. पाणी तिथून सरळ खाली उतरायचं. बारा वर्षांपूर्वी ती टाकी पाडली आणि नवी टाकी पार शाळेकडे, ओढ्याच्या अंगाला उभी राहिली. तिथून वरच्या आळीचा पाइप सरळ जातो. खालच्या आळीचा पाइप ओढ्याला वळसा घालून, मोरीच्या छोट्या पुलावर चढून, मग जातो. हे सगळं वैजनाथच्या डोळ्यांदेखत झालं होतं. खड्डे खणताना तो स्वतः उभा होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याने चावी घेतली आणि फिरवली, वरच्यांना बारा, खालच्यांना सहा.

पुढच्या पाळीला तो घरून रंगाची रिकामी बादली घेऊन निघाला. वरच्या आळीच्या शेवटच्या नळाखाली ती लावली. तंबाखूची पुडी उघडून चुना लावेपर्यंत बादली भरली. मग खालच्या आळीचं पाणी सोडून झाल्यावर ज्योती पाणी भरायला घरी गेली, नाना घड्याळ धरून चेंबरपाशी बसले, आणि वैजनाथ "शेवटचा नळ बघून येतो" म्हणून बादली घेऊन आळीच्या टोकाला गेला.

तिथे लंकाबाई राहायची. पंचाहत्तरीची, एकटी. उभा जन्म ऊसतोडीत गेला, आता मुलगा आणि सून जातात, यंदा ती दोघं अजून परतली नव्हती, लंकाबाई घर राखते. तिच्या नळाखाली घागर लावलेली होती आणि करंगळीएवढी धार पडत होती. लंकाबाई घरात नव्हती. ती ओढ्याकडच्या हापशावरून कमरेवर कळशी घेऊन येताना दिसली.

"नळाला पानी आसताना हापशावर कामून गेली, मावशी?"

"ही घागर भरस्तवर माझ्या दोन खेपा होत्यात बाबा. बसून काय करू?"

वैजनाथने घागर बाजूला करून बादली लावली. नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटं तो त्या धारेकडे पाहत उभा होता.

"कवा बोलली न्हाईस मला," तो म्हणाला.

"काय बोलायचं? शेवटचं घर हाय. पोरं म्हनत्यात, वरच्यांनी पानी पळवलं. मी म्हनते, न्हाई रे, वैजू समद्यांना सारखं सोडतो. तू सारखं सोडून बी हितं बारीकच येत आसंल, तर त्यात तुझा काय दोष?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर वैजनाथला बरं वाटलं असतं. बारा वर्षं खालची आळी उन्हाळ्यात तहानलेली राहिली, आणि हिवाळ्यात ऊसतोडीला गेल्यामुळे तक्रार करायला घरी कोणी नव्हतं. जे होते त्यांना वाटलं, उन्हाळा आहे, सगळ्यांनाच कमी येत असेल. मिनिटं सगळ्यांनी मोजली. आटे कोणी मोजले नाहीत, आणि ज्याने रोज मोजले त्याने कधी विचार केला नाही.

घरी आल्यावर त्याने पुष्पावतीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"उद्यापास्नं बारा फिरवा आन् गप ऱ्हावा."

"ज्योतीनं मोजल्यात."

"मग सांगा, व्हॉल दुरुस्त केला. कोन बघतंय खड्ड्यात उतरून? अवो, आपली तीन घरं हायेत. हे बाहेर गेलं तर खालचे म्हनतील बारा वर्सं मुद्दाम केलं, आन् वरचे म्हनतील आमाला यात ओढू नका. तुमाला वाचवायला कोन येनार हाय?"

ती चुकीचं बोलत नव्हती. संसार तिला चालवायचा होता. पुढच्या पाळीला वैजनाथने चावी फिरवायला घेतली, सहावर आला, ज्योती आणि नाना दोन्ही बाजूंना उभे होते, आणि त्याचा हात सहावरच थांबला. त्याला भीती वाटली. त्या दिवशी लंकाबाईच्या नळाची धार करंगळीएवढीच पडली, आणि आता ती त्याला माहीत असताना पडली.

एक मेला शाळेत झेंडावंदन झालं आणि तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये ग्रामसभा बसली. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन हात मोकळी जागा. नाना उठले. खिशातून कागद काढला.

"चौदा पाळ्या झाल्या. दोन्ही आळ्यांना पंचेचाळीस-पंचेचाळीस मिन्टं. एका मिन्टाचा फरक न्हाई. ज्याला शंका आसंल त्यानं मला इचारावं. वैजनाथचं काम चोख हाय."

सगळे ज्योतीकडे पाहू लागले. ती म्हणाली, "नाना म्हनत्यात ते खरं हाय. मिन्टं सारखी हायेत."

आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी एकदम टाळ्या वाजल्या. आपल्या भांडणात निदान एक गोष्ट खोटी निघाली ह्याचंच लोकांना हायसं वाटलं असावं. सरपंचांनी शाल आणि नारळ मागवला. शाल वैजनाथच्या खांद्यावर पडली. बायकांच्या घोळक्यात लंकाबाई बसली होती आणि शेजारणीला कोपर मारून सांगत होती, "मी म्हनलं हुतं का न्हाई?"

तेवढं एक त्याने पाहिलं नसतं तर कदाचित तो नारळ घेऊन घरी गेला असता. त्याने शाल काढून टेबलावर ठेवली.

"मिन्टं सारखी हायेत. आटे सारखे न्हाईत," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय? काय?" केलं. मग त्याने मोठ्याने सांगितलं. बारा आणि सहा. जुनी टाकी, नवी टाकी. बादली, तंबाखू आणि नऊ मिनिटं. "कुनी मला सांगितलं न्हाई आसं कर म्हनून. वरच्यांनी न्हाई, कुनीच न्हाई. टाकी हलली तवा म्या इचार करायला पायजे हुता, त्यो केला न्हाई. आन् मागच्या पाळीला मला कळलेलं हुतं, तरी म्या सहाच सोडले. भ्यालो."

मग जे व्हायचं ते झालं. खालच्या आळीतला एक तरुण ओरडला, "बारा वर्सं आमचं पानी प्याले!" वरच्या आळीतून उत्तर आलं, "आमी फिरीवली व्हय चावी?" कोणी म्हणालं काढून टाका ह्याला. लगेच प्रश्न आला, मग कोण? वरच्यांनी एक नाव घेतलं, खालच्यांनी दुसरं, आणि पाच मिनिटांत कळून चुकलं की तिसरं नाव गावात नाही.

तेवढ्यात नाना पुन्हा उठले. गावाला वाटलं आता भाषण. पण नानांची मान खाली होती.

"ज्योतीनं इचारलं हुतं, सहाच कामून. मी तिला सांगितलं, उतार हाय, शास्तर हाय. मला काय बी ठाव नव्हतं." त्यांनी कागद दुमडून खिशात घातला. "मी आसंच बोलतो. टीव्हीसंगट बी."

कोणीतरी हसलं. ज्योती म्हणाली, "आन् मी ऐकून घेतलं. चावी काकांकडंच ऱ्हाऊ द्या. आता आटे आमी मोजू." ठराव झाला तो एवढाच: दोन्ही आळ्यांना बारा. शाल पुन्हा कपाटात गेली. नारळ मात्र त्या गडबडीत कोणीतरी फोडला होता, तो मुलांनी खाल्ला.

एक दिवस सोडून पहाटे वैजनाथ एकटाच निघाला. महिना संपला होता, आता कोणी येणार नव्हतं. तो चेंबरपाशी पोचला तर नाना आधीच बसलेले, आणि ज्योती थर्मास घेऊन येत होती. "झोप लागत न्हाई आता ह्या टायमाला," नाना म्हणाले. वैजनाथ चेंबरमध्ये वाकला. ज्योती मोठ्याने मोजू लागली. सहा झाले. सात. आठ. चावी सातव्या आट्यापासून जरा घट्ट लागत होती, बारा वर्षं ती तिथपर्यंत गेलीच नव्हती. नानांनीही हात लावला. बारा.

वैजनाथ आळीतून चालत टोकाला गेला. वाटेत घरोघरी बायका हंडे पुढे ओढत होत्या, कोणी त्याच्याकडे पाहिलं, कोणी पाहिलं नाही. लंकाबाईच्या दारात तो थांबला. नळाखालची घागर कधीच भरली होती. पाणी तिच्या काठावरून ओसंडून अंगणात, अंगणातून रस्त्यावर चाललं होतं. लंकाबाई घरात नव्हती.

ती ओढ्याकडून येत होती. सवयीने घागर लावून ती हापशावर गेली होती, आणि कमरेवर भरलेली कळशी घेऊन, अर्ध्या वाटेत थांबत, पुन्हा चालत येत होती. दारातलं पाणी पाहून ती ओरडली, "अरं वैजू, बघतोस काय, बंद कर की! वाया चाललंय समदं!"

वैजनाथने नळ बंद केला. मग पुढे जाऊन तिच्या कमरेवरची कळशी घेतली. ती सोडत नव्हती, बारा वर्षांच्या सवयीची पकड होती. त्याने ती हळूच सोडवली. कळशी जड होती.